आत्याचा गंधार

माझ्या आतेभावानं आयुष्यात एकदाच आईसाठी स्वतःहून काही केलं, आणि तेही तिला न विचारता. आत्या डोळे तपासायला गेली होती, तेवढ्यात यानं तिची जुनी बाजाची पेटी पेटीवाल्याला देऊन टाकली आणि तिच्या जागी नवीकोरी आणून ठेवली. आत्यानं परत आल्यावर त्याला जे झापलं, ते खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला शब्दन् शब्द ऐकू गेलं.

त्या पेटीवर तिनं एकेचाळीस वर्षं गाण्याच्या शिकवण्या घेतल्या होत्या. भात्याला दोन ठिगळं होती, एक कडी तुटली म्हणून तिथे सुतळी होती. पण पेटी उघडून बघायची कुणाची टाप नव्हती. दुरुस्तीवाले चांगली पेटी बिघडवतात, हे आत्याचं ठाम मत. सूर तपासायला तिचे कान होतेच की. सगळ्यांना ती एकाच पट्टीत गायला लावायची, त्यामुळे गंधाराला बोट कायम त्याच जागी पडायचं.

नवी पेटी तिनं दोन मिनिटं वाजवली आणि हात काढून घेतला. गंधार चढा आहे, भिकार माल गळ्यात मारलाय, म्हणाली. मग मला फोन. भांडताना तिला साक्षीदार लागतो. मी बँकेतून अर्धी रजा टाकून गेले, गंधार ऐकला, आणि मलाही तो चढाच वाटला. मग आम्ही दोघींनी मिळून पेटीवाल्याला फोनवर फैलावर घेतलं.

तासाभरात तो आला, जुनी पेटी खांद्यावर घेऊन. त्यानं दोन्ही पेट्या शेजारी शेजारी मांडल्या. जुनीवर मधला आणि वरचा गंधार एकदम दाबला. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडत घरघरत राहिले. नवीवर तेच केलं. तिथे एकच आवाज आला, स्वच्छ.

"बाई, जुनीचा मधला गंधार उतरलाय," तो म्हणाला. "पंधरा वर्षांपूर्वी सांगायला आलो होतो. तुम्ही मला जिन्यावरूनच परत पाठवलंत."

आत्यानं त्याच्या हातातून भाता ओढून घेतला आणि स्वतः वाजवून बघितलं. चार वेळा. तिचा चेहरा उतरला. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मीही आत्याकडेच गाणं शिकले होते. बारा वर्षांपूर्वी रेडिओच्या गाण्याच्या परीक्षेत मला नापास केलं होतं. शेऱ्यात एवढंच होतं, की गंधार उतरतो. आत्यानं मला चारचौघांत आळशी म्हटलं, माझं नाव घालवलंस म्हणाली. मग सहा महिने रोज सकाळी तासभर नुसता गंधार घोटून घेतला. याच पेटीवर. दुसऱ्यांदा गेले तर तोच शेरा. मी गाणं सोडलं आणि बँकेच्या काउंटरला चिकटले. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्याच गळ्यात खोट आहे.

"सहा महिने, आत्या," मी म्हणाले. "रोज तासभर."

तिनं जुनी पेटी जवळ ओढली, झाकणावरची धूळ तळहातानं पुसली, सुतळीची गाठ घट्ट केली. पेटीवाल्याला म्हणाली, घेऊन जा. तो जिना उतरेपर्यंत दाराकडे बघत बसली. मग नवी पेटी पुढ्यात घेतली.

"बस इथे," ती म्हणाली. "मी गाते. उतरला तर सांग."

त्या खोलीत आत्याला कुणी कधी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं षड्ज धरला आणि गंधारावर गेली. मी पेटीवर बोट ठेवून ऐकलं.

"उतरला," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि पुन्हा लावला.

"अजून उतरलाय."

पुन्हा. तिचे डोळे भरले होते. मला ते दिसत होतं आणि तरी मी थांबले नाही. प्रत्येक वेळी ते म्हणताना मला बरं वाटत होतं, आणि त्याची मला लाज वाटली नाही.