साडूभाऊंचे मुक्काम

माझे थोरले साडू या देशात जितक्या ठिकाणी झोपले आहेत, तितक्या ठिकाणी एखादा पंतप्रधान जागासुद्धा राहिला नसेल. मी जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षं भूगोल शिकवला. राजस्थानचं वाळवंट, पश्चिम घाट, हिमालयाच्या रांगा, सगळं फळ्यावर खडूने काढलं आणि संध्याकाळी घरी येऊन पंख्याखाली आडवा झालो. साडूभाऊ वरणगावच्या कारखान्यात फिटर होते. शाळेत ते भूगोलातच दोनदा नापास झालेले, आणि मी फळ्यावर काढलेल्या बहुतेक जागी ते तंबू ठोकून राहून आले आहेत. वाळवंटात पहाटे किती गार पडतं हे मला पुस्तकातून ठाऊक आहे, त्यांना गुडघ्यांतून. "सर, तुमचा नकाशा अर्धवट आहे," असं ते मला लग्नाच्या पंगतीत चारचौघांत सांगतात. "संडास कुठी आहे ते त्याच्यात दाखवेलच नही."

निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या ओट्यावर बसतात, फार तर घराला वरचा मजला चढवतात. साडूभाऊंनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली, तिची मागची बाकं काढून टाकली आणि नारिंगी रंगाचा एक तंबू आणला. तो त्यांनी पहिल्यांदा गच्चीवर उभारून पाहिला तेव्हा गल्लीतल्या दोघातिघांनी खालूनच विचारलं, "घरात काही कार्य आहे का?" तेव्हापासून वर्षातून दोनदा ती व्हॅन निघते. कधी कन्याकुमारीपर्यंत, कधी स्पितीच्या दगडधोंड्यांत, एकदा तर थेट मेघालयात. पूर्वी ते पेट्रोलपंपाच्या आवारात नाहीतर धाब्यामागे मुक्काम करायचे. आता जागोजागी तंबूवाल्यांसाठी रीतसर जागा झाल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक जागा त्यांच्या वहीत आहे. लोक अशा जागांना तारे देतात, साडूभाऊ वांगी देतात. पाच वांगी म्हणजे उत्तम. पाच वांगी मिळालेल्या जागा आजवर दोनच: कुमाऊँतल्या एका निवृत्त सुभेदाराची सफरचंदाची बाग आणि कुर्गातला एक कॉफीचा मळा. ताजमहालाच्या जवळच्या एका जागेला त्यांनी दीड वांगं दिलं आहे. "समोर काय आहे त्याचं काय करता," म्हणाले, "पाठीखाली काय आहे ते पाहा. सगळी खडी!"

वांग्यांचा हा हिशेब उगाच नाही. व्हॅनच्या टपावर कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा एक भारा कायम बांधलेला असतो, कारण भरताचं वांगं भाजायचं ते त्याच काड्यांवर, अशी त्यांची श्रद्धा आहे. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ते आजारी माणसाचं जेवण म्हणतात. या भाऱ्यापायी त्यांना चार राज्यांच्या पोलिसांनी थांबवलं आहे. "ये क्या है?" असं विचारलं की ते शांतपणे "चूल्हा है" म्हणून सांगतात. हिमाचलात नदीकाठच्या एका जागी आग पेटवायला सक्त बंदी होती. साडूभाऊंनी पाटी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि ती शेकोटीबद्दल आहे, स्वयंपाकाबद्दल नाही, असं ठरवून जाळ केला. व्यवस्थापक लाल नळकांडं घेऊन धावत आला. तासाभराने तोच व्यवस्थापक ताटली घेऊन मांडी घालून बसला होता, आणि त्याचे आठ पाहुणे मागे रांगेत उभे होते. तेव्हापासून तिथे शेकोटी बंद आणि वांगी चालू असा नियम आहे, असं साडूभाऊ सांगतात. खरंखोटं तेच जाणोत.

आता मुख्य गोष्ट सांगतो. हा सगळा खटाटोप त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी केला असता तर मी त्यांना नुसतंच विक्षिप्त म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. त्यांना अक्काला, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, एकदा बरोबर न्यायचं होतं. एक तरी मुक्काम दोघांनी तंबूत करायचा, एवढीच इच्छा. आणि अक्का अकरा वर्षं नाही म्हणत होती. नाही असं सरळ कधी म्हटलंच नाही, तिथेच सगळा घोटाळा झाला. पहिल्या वेळी ती म्हणाली, "तठे न्हानीघर शे का?" अक्काचं माहेर एरंडोलकडचं, त्यामुळे घरात ती अजून तिकडचीच भाषा बोलते. साडूभाऊंनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या फेरीत न्हाणीघरं तपासत गेले. परत येऊन म्हणाले, "आहे, गरम पाणीबी आहे." तर अक्का म्हणे, "शेजारे बायामानसं ऱ्हातस का?" पुढची फेरी बायामाणसं असलेल्या जागा शोधण्यात गेली. त्यानंतर "सकायले देवपूजाले जागा शे का?" निघालं. नवरा दोन हजार किलोमीटर जाऊन एका प्रश्नाचं उत्तर आणणार, आणि बायको गव्हातले खडे निवडता निवडता दुसरा प्रश्न काढणार, असं चाललं होतं.

मी एकदा त्यांच्याबरोबर कुर्गाला गेलो, केवळ कुतूहलापोटी. तंबूत झोपायची मला मुळीच हौस नाही. पण या माणसाला तिथे काय दिसतं ते एकदा पाहावं, असं फार दिवस मनात होतं. पाहिलं ते असं: तिथे पोचल्याबरोबर साडूभाऊंनी चप्पल काढली आणि तंबूपासून न्हाणीघरापर्यंत अगदी लहान लहान पावलं टाकत मोजायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, "हे अक्काचे पाय आहेत. तिचे गुडघे दुखतात." मग दोरी कुठे बांधली तर नऊवार वाळेल, सकाळचं ऊन कुठल्या बाजूने येईल, मळेवाल्याची म्हातारी आई गप्पिष्ट आहे का, अशी एकेक नोंद झाली. त्यांनी खुद्द त्या म्हातारीशी तासभर गप्पा मारल्या. तिला मराठी येत नव्हतं आणि यांना कन्नड. एवढं सगळं करून पहाटे पावसाची एक सर आली आणि आमच्या गाद्यांखालून पाणी वाहायला लागलं. साडूभाऊंना याचं काहीच वाटलं नाही. "तंबूत थोडं भिजाच लागतं," म्हणाले. मी उरलेले तीन मुक्काम व्हॅनमध्ये काढले.

पण परतीच्या वाटेवर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. या माणसाने हजार गोष्टी मोजल्या होत्या, पण अक्काला का यायचं नाही हे तिला कधी विचारलं नव्हतं. मी मास्तर माणूस. प्रश्न सुटत नसेल तर आधी प्रश्न नीट वाचा, असं पोरांना सांगत आलो. एका दुपारी साडूभाऊ गॅरेजला गेलेले असताना मी वरणगावला जाऊन अक्काला सरळ विचारलं. ती पापड वाळत घालत होती. हात थांबले नाहीत, फक्त आवाज खाली गेला. "पाव्हना, मना बाप दुसराना वावर वाटावर करे. आम्हना बठ्ठा बारदाना तठेच, गोनपाटना खाले. पिकले राखन आम्हनी, आन आम्हले कोन्हीच नही." वाट्याने केलेल्या दुसऱ्याच्या शेतात अख्खं कुटुंब गोणपाटाखाली कसं झोपायचं, रानडुकरं किती जवळ यायची आणि आई रात्रभर कशी डबा वाजवत बसायची, हे तिने असं सांगितलं, की जणू शेजारणीची गोष्ट सांगते आहे. "लगीन ठरनं तवय मी इतलंच इचारं, घरले दरवाजा शे का, आन त्याले मजारतीन कडी शे का. आते परत कापडना खाले कसाले जपू?" माझी बायको तिच्याहून बारा वर्षांनी लहान, तिच्या जन्मापर्यंत गावात घर झालं होतं, त्यामुळे तिलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. आतून कडी लागत नाही अशा कापडाखाली पुन्हा झोपायचं नाही, हे साडूभाऊंना का नाही सांगितलं, असं मी विचारलं, तर म्हणाली, "त्या इतला हौसमा येतस. त्यास्ना तोंडवर कसं सांगू?"

मी ते साडूभाऊंना सांगितलं. सांगावं की नाही यावर माझे दोन दिवस गेले, आणि आजही मला खात्री नाही की मी बरोबर केलं. ते ओट्यावर बसले होते. त्यांनी व्हॅनकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजे मी तिले जिथं न्यायले निघालो व्हतो, ती तिथूनच आली व्हती." त्या हिवाळ्यात व्हॅन निघाली नाही. टपावरच्या काड्यासुद्धा त्यांनी शेजाऱ्याला चुलीसाठी देऊन टाकल्या. इतकी वर्षं त्यांच्या तंबूची टिंगल केलेला मी, पण तो रिकामा टप बघितल्यावर, व्हॅन कधी काढणार, हे मीच त्यांना दोनदा विचारलं.

पुढच्या वर्षी पौषात ते दोघं नर्मदेच्या काठी गेले. साडूभाऊंनी पक्क्या खोलीचं आधीच सांगून ठेवलं होतं: स्लॅबचं छप्पर, भक्कम दार. त्याच आवारात मागे तंबूंसाठी जागा होती. तंबू व्हॅनमध्ये होता, पण त्यांनी त्याचं नाव काढलं नाही. दुपारी जेवण झाल्यावर अक्कानेच म्हटलं, "काढा ना, देखू तरी." मग साडूभाऊ नेहमीसारखा तंबू ठोकायला लागले. अक्का दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत राहिली आणि मग तिच्याने राहवेना. "असं नही. पानी कोठून येई ते आगोदर देखा, मंग कापड ताना." तिने खुंट्या उपटायला लावल्या, तंबूचं तोंड फिरवलं, माळ्याकडून खुरपं मागून घेतलं आणि दुखऱ्या गुडघ्यांवर बसून तंबूभोवती वीतभर खोल चर खणला. दोरीची गाठ तिने अशी मारली, की साडूभाऊंना ती अजून जमत नाही. मग दोघं संध्याकाळपर्यंत तंबूच्या तोंडाशी बसली. अक्का तिच्या वडिलांबद्दल बोलत होती. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण हे साडूभाऊ पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी अधूनमधून विचारलंही. दिवेलागणीला अक्का उठली, पदर झटकला आणि खोलीकडे चालायला लागली. तुम्हाला हवं तर तुम्ही इथे झोपा, म्हणाली, मी रागावणार नाही. साडूभाऊ तिच्या मागोमाग गेले.

सकाळी आवारातला माळी त्यांना मुद्दाम सांगायला आला, की रात्री अवकाळी पाऊस झाला, सगळ्यांच्या तंबूंत पाणी शिरलं, फक्त तुमचा आतून कोरडा ठणठणीत आहे. हे साडूभाऊंनी स्वतः मला सांगितलं. इतकी वर्षं देशभर भिजत फिरल्यावर एक धड तंबू उभा राहिला होता, आणि त्यात झोपायला कोणी नव्हतं.