कोपराचं माप

करंजीच्या घाटात मला एकदा बिबट्या आडवा आला होता. मी तेव्हा एसटीवर ड्रायव्हर होतो. पहिल्यांदा ही हकिकत सांगितली तेव्हा तो बिबट्या मांजरापेक्षा जरासा मोठा होता. निवृत्त होईपर्यंत तो बोनेटएवढा झाला. आता तिसगावात टपरीवर बसून सांगतो, तेव्हा तो गाडीत चढतो आणि पाथर्डीचं तिकीट मागतो. लोक हसतात, चहा पाजतात. माझी बायको मात्र कधी हसली नाही. ती भाकरी थापता थापता एवढंच विचारायची, "अवो, खिडकीची जागा दिली का मग त्याला?"

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते या सवयीपायी झालं.

तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. नगरच्या दवाखान्यात महिनाभर काढल्यावर डॉक्टर तिच्या खाटेशी उभे राहूनच मला म्हणाले, "आता या उभ्या राहणार नाहीत. खुर्चीत बसून जेवढं करता येईल तेवढं करू द्या." मी मान डोलावली. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य मी जसंच्या तसं ठेवलं नाही. चांदबिबीचा महाल मागं पडला तेव्हा ते 'उभं राहणं अवघड आहे' एवढंच उरलं होतं. करंजीला त्याचं 'वेळ लागेल' झालं. आणि तिसगावात उतरून पहिल्या माणसानं विचारलं तेव्हा मी छातीवर हात ठेवून सांगितलं, "दोन महिन्यांत चालतीय बघ."

व्यायाम करून घ्यायला लेक तिला पुण्याला घेऊन गेली. घर रिकामं झालं आणि माझ्या डोक्यात आलं की ती यायच्या आत स्वयंपाकघर नवं करायचं. जुना ओटा मीच एका सुट्टीत बसवलेला. असा उतरता की त्यावर लिंबू ठेवलं तर ते स्वतःहून मोरीत जाऊन अंघोळ करायचं. पस्तीस वर्षं तिनं त्याच्यावर रांधलं आणि वर्षातून एकदा, पाडव्याला, फक्त एवढंच म्हणायची, "मला एक सरळ ओटा करून द्या." मी म्हणायचो, "राजवाड्यातला करतो." राजवाडा काही आला नाही.

लेकीनं नगरची एक इंटिरियर डिझायनर शोधून दिली. तिसगावात डिझायनर आणणारा पहिला माणूस मीच, असं मी सांगतो. खरं म्हणजे मेडिकलवाल्यानं माझ्याआधी आणला होता, पण त्याला गोष्ट सांगता येत नाही, त्यात माझा काय दोष?

डिझायनर लावला म्हणजे काय होतं, याची माझी कल्पना अशी की बाई येणार, पडदे दाखवणार, रंगाचं पुस्तक उघडणार, आपण बोट ठेवायचं. आली ती तीसेक वर्षांची पोरगी, स्कूटीवर, हातात लाल ठिपक्यानं मापं घेणारं यंत्र. आणि प्रश्न! परात कुठं ठेवून मळतात? रोजचे डबे कुठल्या फळीवर? सकाळी पहिलं कोण उठतं? फोडणी देताना मसाल्याचा डबा कुठल्या हाताला लागतो? सोयरीक जमवताना एवढी चौकशी झाली असती तर मी आजन्म ब्रह्मचारी राहिलो असतो. गंमत वाटायची, पण दहाव्या प्रश्नाला घाम फुटला. एकाचंही उत्तर मला येत नव्हतं. या घरात मी पस्तीस वर्षं जेवलो होतो आणि मोहरी कुठं असते ते मला ठाऊक नव्हतं. जिथं येत नव्हतं तिथं मी रचून सांगितलं. ती लिहून घेत होती.

मग ती म्हणाली, "काका, ओट्याची उंची काम करणाऱ्याच्या कोपरावरून ठरते. कोपराच्या चार बोटं खाली. मावशींना भेटते, माप घेते."

"ती पुण्याला आहे. तिला सांगायचं नाही, अचानक दाखवायचंय."

"बरं. पण मावशी उभ्या राहून काम करतील ना?"

"उभी? अहो, या दिवाळीला ती नगरला पायी येऊन तुमच्या दारात अनारशाचा डबा ठेवील!"

ती हसली, पण पेन उचललं नाही. "काका, खरं सांगा. जे आहे तेच सांगा. लोक त्यांना हवं असतं ते आम्हाला सांगतात, आणि मग आम्ही त्या सांगण्यातल्या माणसांसाठी घर करतो. राहायला दुसरीच येतात."

"उभी राहील," मी म्हणालो.

तिसऱ्यांदा तिनं जाता जाता दारात विचारलं. तिसऱ्यांदाही मी तेच सांगितलं.

माप मी दिलं. कसं दिलं ते सांगतो. प्रत्येक लग्नात, प्रत्येक फोटोत ती माझ्या डाव्या बाजूला उभी. तिचा कोपर कायम माझ्या शेवटच्या बरगडीला टोचायचा. जास्त बोलायला लागलो की जरा जोरात. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, बरगडीवर बोट ठेवलं आणि म्हणालो, "इथं." पोरीनं यंत्राचा लाल ठिपका माझ्या बोटावर पाडला आणि आकडा लिहिला. माझ्या सगळ्या बोलण्यात तेवढं एक माप तंतोतंत होतं. फक्त ते दवाखान्याच्या आधीचं होतं.

पुढच्या खेपेला तिनं लॅपटॉपवर चित्र दाखवलं. चकचकीत काळा ग्रॅनाईट, खाली सरकत्या ट्रॉल्या, खिडकीतून ऊन, आणि ओट्यावर एका वाडग्यात हिरवी सफरचंदं. घरात माणूस एकही नाही. मी म्हणालो, "सफरचंदं कोण खातं आमच्यात?" ती म्हणाली, "ती चित्रातच असतात, काका." दीड महिन्यात सफरचंदं सोडून सगळं जसंच्या तसं उभं राहिलं. लिंबू ठेवून बघितलं. जागचं हललं नाही.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी लेकीनं तिला आणून सोडलं. मी चाकाची खुर्ची थेट स्वयंपाकघरात नेली आणि जत्रेतल्या तंबूवाल्यासारखा हात पसरून ओरडलो, "बघा, बघा, राजवाडा!"

ओट्याची कड तिच्या गळ्याशी आली. खाली ट्रॉल्या, म्हणून गुडघे आत जाईनात. खुर्ची आडवी लावावी लागली. तिनं डावा हात वर केला, खांद्याच्याही वर, आणि दगडावरून फिरवला. पलीकडची शेगडी तिला बसल्या जागेवरून दिसत नव्हती.

"छान हाय," ती म्हणाली. एकेक शब्द जोखून ठेवल्यासारखा. "सरळ हाय."

"दोन महिन्यांत उभी राहशील तेव्हा बघ!"

तिनं हात खाली घेतला.

मग मी रांधायला लागलो. ती उंबऱ्याशी खुर्चीत. तिच्याकडून एकेक शब्द यायचा. "मीठ." "जाळ कमी." "हळद न्हाई, तिखट." माझं पिठलं असं व्हायचं की भिंतीला लावलं असतं तर गिलावा दहा वर्षं टिकला असता. ती खायची. आणि मी पातेलं ढवळत, तिच्याकडं पाठ करून, सांगत राहायचो. दसऱ्यापर्यंत उभी राहशील. दसरा गेला. मग म्हणालो, दिवाळीपर्यंत.

एक दिवस बाजारातून आलो तर ती स्वयंपाकघरात होती. एका हातानं चाक ढकलत आत आलेली. फळीवरून खेचून घेतलेली परात मांडीवर ठेवून डाव्या हातानं पीठ मळायला बघत होती. परात घसरली. पीठ लुगड्यावर, फरशीवर, चाकांत. ती रडत नव्हती. बोटांना चिकटलेलं पीठ अंगठ्यानं सोडवत होती.

मी तोंड उघडलं. नेहमीचं काहीतरी येणारच होतं.

"अवो," ती म्हणाली, "गप ऱ्हावा."

मी बाजाराची पिशवी खाली ठेवली.

"पाय गेलेत माजं. कान न्हाई. डाक्तर माझ्या उशाशीच बोलले हुते." मग बराच वेळ दम घेतला. "मी उभी ऱ्हानार न्हाई. तुमाला ठावं हाय. मला ठावं हाय. त्या पोरीला तेवढं सांगा."

मी अंगणात जाऊन फोन लावला. म्हणालो, "माप चुकलंय."

"कोणाचं, काका?"

"माझं."

दुसऱ्या दिवशी ती आली. मला वाटलं होतं, झाडेल. तिनं बायकोला खाटेवर बसवलं, स्वतः त्या खुर्चीत बसली आणि ओट्यापाशी गेली. हात वर करून दगडाला लावला. मग वळून म्हणाली, "काका, तुम्ही बाहेर बसा. मला मावशींशी बोलायचंय."

तासभर मी ओसरीवर. आतून तेच सगळे प्रश्न ऐकू येत होते आणि या वेळी प्रत्येकाला उत्तर होतं. मळताना परात ओट्याच्या टोकाला. मोहरी पितळेच्या छोट्या डब्यात, डाव्या अंगाला. मग पोरगी म्हणाली, "काकांनी तर सांगितलं होतं, तुम्ही मसाला कपाटात ठेवता," आणि आतून हसू आलं. दोघींचं. दवाखान्यानंतर बायकोचं हसू मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते माझ्यावरचं होतं. मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तिनं माप घेतलं. "कोपर सैल सोडा, मावशी. हं. आता इथं."

ग्रॅनाईट न फोडता उचलायचा, खालचे कडाप्पे कापायचे, मधल्या ट्रॉल्या काढून गुडघ्यांना जागा करायची, नळ पुढं घ्यायचा. तीन आठवडे गेले. गवंडी म्हणाला, "मामा, एवढा बुटका वटा? बाहुलीचा सौंसार मांडताय व्हय?" उंबऱ्यातून बायको म्हणाली, "व्हय. तू ये जेवाया." त्यानं मान खाली घातली आणि तो दिवसभर मुकाट काम करत राहिला.

ओटा झाला. पहिल्या दिवशी तिनं एका हातानं भाकरी केली. ती गोल नव्हती. नगर जिल्ह्याचा नकाशा होती, अकोले तालुक्याकडं ओढलेली आणि जामखेडाकडं जळलेली. मी जवळ उभा होतो, पडली तर धरायला. तिनं डाव्या कोपरानं मला ढकललं. कोपर आता मांडीला लागला.

"भाईर बसा," ती म्हणाली. "मधी मधी नगा."

अकरा दिवस मी बाहेर बसलो. आतून भांड्यांचे आवाज, परातीचा आवाज, मधेच काहीतरी पडायचं, मधेच ती स्वतःशीच पुटपुटायची. बाराव्या दिवशी सकाळी तिला दुसरा झटका आला. नगरला नेलं. परत आली ती झाकून.

ती खुर्ची कोणाला तरी देऊन टाकायला लेक सांगत होती. द्यायच्या आधी मी एकदा तिच्यात बसलो, ती बसायची तिथं, उंबऱ्याशी. तिथून माणूस उभा असला तर त्याची पाठ दिसते. दोन महिन्यांच्या वर ती माझी पाठ बघत होती आणि पाठ बोलत होती, उभी राहशील, उभी राहशील. घरी आल्यापासून ती साडेतीन महिने होती. त्यातले अकरा दिवस ओटा तिचा होता. बाकीचे दिवस मी खाल्ले. दारात त्या पोरीनं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा जे आहे ते सांगितलं असतं, तर नागपंचमीच्या दुसऱ्याच दिवशी तिनं मला बाहेर बसवलं असतं. या हिशेबाला कुठून कुठं वाढवू? कोणीकडून ओढला तरी तो तेवढाच राहतो.

महिन्याभरानं डिझायनर पोरगी भेटायला आली. मी चहा ठेवायला वाकलो तशी म्हणाली, "चूक माझीही आहे, काका. माणसाला भेटल्याशिवाय माप घ्यायचं नसतं. मी घेतलं."

"तुम्ही तीनदा विचारलंत."

"चौथ्यांदा विचारायला हवं होतं." तिनं पर्समधून मापाचं यंत्र काढलं. "ओटा उंच करून देते. काही द्यायचं नाही. तुम्हाला आता रोज इथं उभं राहायचंय."

"राहू द्या आहे तसा."

"कंबर धरेल."

"धरते," मी म्हणालो.

तिनं ते यंत्र परत पर्समध्ये ठेवलं. मी डाव्या अंगाच्या, मोहरीशेजारच्या डब्यातून साखर काढली.