दही लागणारी गाडी

जगात गाडी विकत घेणारे लोक पुष्कळ आहेत, पण गाडी पाहण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस उभ्या खानदेशात नाही. मुलीच्या बापानं पाहिली नसतील इतकी स्थळं त्यांनी गाडीसाठी पाहिली, आणि प्रत्येक स्थळात खोट काढली. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते धुळ्याला देवपुरात राहतात आणि सगळे त्यांना नाना म्हणतात. मी जळगावात वकिली करतो, म्हणून ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला अजून कळलेलं नाही. आयुष्यभर त्यांनी कापसाचं जिनिंग चालवलं, चांगल्या वेळी विकलं, आणि हातात पैसा आणि वेळ एकदम आल्यावर माणसाचं जे होतं तेच त्यांचं झालं. ते जाणकार झाले.

त्याआधी त्यांच्याकडे एक म्हातारी जीप होती. ती धुळे-जळगाव रस्त्यावर ते अशी हाणत, की पुढे कुणाची पाठ दिसली तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे. ट्रक असो, एसटी असो, लग्नाचं वऱ्हाड असो, त्याला मागे टाकल्याशिवाय नानांना पारोळ्याचा चहा गोड लागत नसे. शेजारच्या सीटवर अक्का, म्हणजे माझी मेहुणी, मांडीवर दह्याचं पातेलं घट्ट धरून बसलेली असायची. कारण दर थंडीत एकदा आमच्या मळ्यावर भरीत होतं आणि त्या दिवसाचा दोघी बहिणींचा जुना करार आहे: वांगी जळगावची, दही धुळ्याचं. अक्का पहाटे दुधाला विरजण लावून निघायची. दही वाटेत लागेल असा तिचा हिशेब, आणि नानांच्या जीपमधून उतरेपर्यंत त्याचं ताक झालेलं असे. आम्ही ते भरिताबरोबर निमूट प्यायचो. दोघी बहिणी काड्यांच्या जाळाशी बसून वांगी सोलत आणि वर्षभराचं बोलून घेत. त्या दोघींना दुसरं माहेर उरलेलं नाही, तेवढा एक दिवसच काय तो आहे.

मग अक्काच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, चालायला-फिरायला हरकत नाही, पण धक्के नकोत. त्या थंडीत अक्का आली नाही. पुढच्या थंडीतही आली नाही. माझ्या बायकोनं वांगी भाजली, पण सोलताना ती कुणाशी बोलली नाही. नाना एकटेच आले होते, तेही एसटीनं. जीप विकली असं त्यांनी पुरी तोडता तोडता सांगितलं, आणि जाहीर केलं, “आता अशी गाडी घेतो, वकीलसाहेब, की आराम, मजा आणि उपयोग, तिन्ही एका जागी पाहिजे.” तिन्ही एका जागी असलेली वस्तू मी तरी जगात पाहिलेली नव्हती, पण वकिलानं फुकटचा सल्ला देऊ नये म्हणून गप्प बसलो.

तिथून जे सुरू झालं त्याला गाडीखरेदी म्हणणं म्हणजे कुंभमेळ्याला आंघोळ म्हणणं. बड्या गाड्यांची दुकानं नाशकात. नाना काही नाशकाला जात नसत. गाडीनं देवपुरात येऊन दाखवून घ्यायचं. कंपन्यांची नावं त्यांच्या तोंडी बसत नाहीत, म्हणून आपल्याकडे सुनांना जशी माहेरच्या गावानं ओळखतात, ही शिंदखेड्याची, ती चोपड्याची, तशी त्यांनी गाड्यांची सोय लावली होती: जर्मन, जपानी आणि स्वीडनवाली. गाडी दारात आली की गल्लीतले बुजुर्ग खुर्च्या टाकून बसत, आतून पोहे येत, आणि टाय लावलेला नाशिकचा तो बिचारा विक्रेता वधूपित्याच्या चेहऱ्यानं उभा राही. कुणी विचारी, “मायलेज?” तो सांगे. मग सगळे माना खाली घालून असे गप्प बसत, जणू मुलीच्या पायात दोष निघालाय. जेवायला थांबवून त्याला शेवभाजी वाढली जाई. पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येई, आणि नाना मला कानात सांगत, “पाहिलं? माणूस हळवा आहे. खोटं बोलणार नाही.”

उपयोगाची परीक्षा सर्वांत सोपी होती. डिकीत केळीचा अख्खा घड आडवा मावला पाहिजे. उभ्या जन्मात नाना केळी विकायला गेलेले नाहीत, त्यांचा धंदा कापसाचा. पण जळगावात सासुरवाड आहे म्हटल्यावर परत येताना घड आणावाच लागतो, हा त्यांचा सिद्धान्त. केळीचा चीक एकदा लागला की जन्मात निघत नाही, हे नाशिकच्या माणसाला माहीत नव्हतं. ते त्याला डिकीचं मऊ अस्तर पाहून कळलं. स्वीडनवालीची डिकी बंपरखाली पाय हलवला की आपोआप उघडते, असं त्यानं सांगितलं. नानांनी पाय हलवला. उघडली नाही. मग शेजारच्या आबांनी हलवला, मी हलवला, आणि अर्धी गल्ली त्या गाडीच्या मागे लाथा झाडत असताना डिकी एकदम उघडून आबांच्या हनुवटीला लागली. “उपयोगी शे,” आबा हनुवटी चोळत म्हणाले.

मजेची परीक्षा नाना स्वतः घेत. जर्मन गाडीच्या सुकाणूवर ते बसले त्या दिवशी मी शेजारी होतो. गावाबाहेर रस्ता मोकळा मिळाला आणि त्यांनी पाय दाबला, तेव्हा माझं पोट देवपुरातच राहिलं आणि बाकीचा मी पुढे गेलो. एका ओळीत चार ट्रक मागे पडले. नानांच्या तोंडावर असं हसू होतं, की या माणसाचं लग्न झालंय, ऑपरेशनं-बिपरेशनं पाहिलीत, जिनिंग विकलंय, असं कुणाला वाटलं नसतं. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हिला नाही म्हणणारा माणूस पापी, वकीलसाहेब.” मला वाटलं, सुटलो. ठरली.

पण अजून आरामाची परीक्षा राहिली होती, आणि ती नानांनी कुठल्या पुस्तकातून काढली होती कोण जाणे. आरामाच्या परीक्षेला ते सुकाणूवर बसत नसत. विक्रेत्याला गाडी चालवायला लावत, स्वतः मागच्या सीटवर बसत, आणि शेजारी दह्याचं पातेलं ठेवत. पहाटे कोमट दुधाला विरजण लावलेलं, वर फक्त ताटली झाकलेली. धुळ्याहून जळगावला यायचं, वाटेत एरंडोलला चहाला टेकायचं, आणि माझ्या घरी पोहोचल्यावर माझ्या बायकोनं ताटली उचलून निकाल द्यायचा. “दही लागलं तर गाडी चांगली,” नाना म्हणत. “बाकी सगळं जाहिरातीत असतं.” बसणाऱ्याला ओळखणारी सीट, पाठ दाबून देणारी सीट, थंड होणारी सीट, त्या बापड्यानं सगळं सांगून पाहिलं. नाना एवढंच विचारत, “दही लागतं का?” या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कंपनीनं त्याला शिकवलेलं नव्हतं. धुळ्याला मी या सगळ्याची यथेच्छ टवाळी केली आहे. नातेवाइकांत नक्कल करून दाखवली आहे. नानांनी कधी उलट उत्तर दिलं नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं.

जर्मनचं पातेलं आलं तेव्हा मी दारात होतो. बायकोनं ताटली उचलली. वर पाणी, खाली गुठळ्या, कडेनं सांडलेलं. नानांनी बराच वेळ त्या पातेल्यात पाहिलं, आपला निकाल तिथं लिहिला असल्यासारखं. मग गाडीकडे गेले, बॉनेटवर पुन्हा एकदा हात ठेवला, आणि विक्रेत्याला म्हणाले, “चांगली होती हो. पण आमच्याकडं नाही निभणार.” जपानीत दही बरं लागलं, पण मागे चढताना पाय फार उंच टाकावा लागे. “एवढं पाऊल उचलणार नाही ती,” असं नाना सहज बोलून गेले आणि लगेच खोकले. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मागच्या सीटवर शेजारी कोण बसलेलं असायचं. पातेलं नव्हतंच ते.

शेवटी स्वीडनवाली पास झाली आणि घरी आली. तिच्यात आराम आहे, उपयोग आहे, आणि नानांच्या मते मजा एका देवघराइतकी आहे. त्या थंडीत भरिताच्या दिवशी आम्ही मळ्यावर सकाळपासून वाट पाहत होतो. ऊन कलायला लागलं तरी पत्ता नाही. मी बांधावरून रस्त्याकडे पाहत उभा राहिलो, आणि मग दिसली ती: मिरवणुकीतल्या पालखीच्या चालीनं येणारी काळीशार गाडी, आणि तिला मागे टाकत जाणारे ट्रॅक्टर. एक उसाची बैलगाडीसुद्धा तिच्या बरोबरीनं चालली होती. सुकाणूवर नाना दोन्ही हातांनी, मान ताठ करून, लायसन काढायला आल्यासारखे बसले होते.

मागच्या सीटवरून अक्का हळूहळू उतरली. माझी बायको पळत गेली, आणि मग दोघी तिथंच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. पातेलं मीच उचललं. ताटली काढली तर दही असं लागलेलं, की पातेलं तिरकं केलं तरी हललं नाही. सगळ्यांनी वाखाणलं. दोघी बहिणी जाळाशी बसल्या आणि दोन थंड्यांचं साचलेलं बोलू लागल्या. नाना मात्र ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी हातात घेऊन रस्त्याकडे पाहत होते. एक एसटी भरधाव गेली. मी म्हटलं, “काय नाना, तिन्ही मिळालं ना एका जागी?” ते म्हणाले, “दोन मिळाली, वकीलसाहेब. या वयात दोन पुष्कळ.” चेष्टा सोडून मी त्यांना आणखी भरीत वाढलं. अक्काचं बोलणं मध्येच थांबलं होतं. तिनं ऐकलं होतं.

निघताना माझ्या बायकोनं तेच पातेलं घासून, दूध कोमट करून, पुन्हा विरजण लावून दिलं. अक्का पुढच्या सीटवर बसली, पातेलं मांडीवर घेतलं. नानांनी गाडी इतक्या जपून हलवली, की चाक फिरतंय की नाही हे वाकून पाहावं लागलं. तेव्हा काच खाली करून अक्का आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, “इतली भारी गाडी लिधी आनि बैलगाडीना मायक चालाडी ऱ्हायनात! मी काय काचनी शे का? पयाडा जराशी!” गाडी पळवा असं बायकोच सांगतेय म्हटल्यावर नाना कावरेबावरे झाले. “अगं, कंबर...” असं काहीसं पुटपुटले. गाडी बांधाच्या वळणाआड गेली.

आम्ही मळ्यावरचं आवरून घरी येऊन चहा ठेवतोय, तोच फोन वाजला. नाना होते. “पोचलो.” मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, “एवढ्यात?” पलीकडून काही वेळ नुसता अक्काच्या हसण्याचा आवाज आला, खूप वर्षांपूर्वी जीपमधून उतरताना ती हसायची तसा. मग नाना म्हणाले, “वकीलसाहेब, दही सांडलं.” घाबरून बायकोनं फोन ओढून घेतला आणि ओरडली, “कंबर कशी आहे?” अक्का म्हणाली, “कंबर बरी शे. दही बठ्ठं सांडनं.”

फोन ठेवून ही तशीच उभी राहिली. डोळे भरले होते आणि हसूही येत होतं. मग पदरानं डोळे टिपून म्हणाली, “पुढच्या वर्षी दही आपण इथंच लावू.”