गोठ्याच्या कठड्यावरचे शिसे

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मी वडनेरला घरी आले, ती सौरदिव्याची निकामी बॅटरी मागून घेण्यासाठी. ग्रामपंचायतीचे सौरदिवे तीन वर्षांत मंदावले होते आणि काढलेल्या बॅटऱ्या कार्यालयाच्या ओसरीवर पडून होत्या. अशा एका दिव्याला काच, ॲल्युमिनियम, तांबे आणि शिसे किती लागते, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. ऊन फुकट आहे हे सगळेच सांगत. बाकीचे वजन मी मांडणार होते आणि त्या जोरावर संशोधनाची जागा मिळवणार होते.

बॅटरी मी अंगणात फोडली. भीती आम्लाची होती. म्हणून हातमोजे घातले, शिशाची प्रत्येक पट्टी खाण्याच्या सोड्याने तीनदा धुतली, धुतलेले पाणी लिटमसने तपासले. ओलाव्याने वजन चुकू नये म्हणून पट्ट्या गोठ्याच्या कठड्यावर उन्हात वाळत ठेवल्या; दुसऱ्या संध्याकाळी वाण्याच्या दुकानातल्या काट्यावर तोलून परत तिथेच ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी कालवड चारा खाईना. आईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. ती दात करकरत होती, भिंतीला डोके दाबून उभी राहत होती. आईने डोळ्यांपुढे हात हलवला, तरी पापणी लवली नाही.

हिंगणघाटहून गुरांचे डॉक्टर आले. काकांनी त्यांना दारातच गाठले. "सायब, मागच्या महिन्यात पिसाळलेलं कुत्रं फिरून राह्यलं होतं गावात."

डॉक्टरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "मंग कोणी जवळ जाऊ नका. दार लावून घ्या. चार-आठ दिवसांत काय ते समजन."

"अन तवरिक तिले पाणी?" आईने विचारले. डॉक्टर मोटरसायकलला पिशवी अडकवू लागले.

त्याच वेळी माझी नजर कठड्यावर गेली. पट्ट्यांवरचा करडा लेप जागोजाग जिभेच्या रुंदीने साफ झाला होता. कारण मला तत्क्षणी कळले. दुसरा हिशेबही तितक्याच वेगाने झाला: कुत्रे चावलेले ठरले, तर दोष कुणाचाच नाही. तो हिशेब मी केला, हे मला आजही नाकारता येत नाही. डॉक्टरांनी किक मारली.

"थांबा! तिने शिसं चाटलंय. मी ठेवलं होतं."

"शिसं? गोठ्यात?" डॉक्टरांनी गाडी बंद केली.

"सौरदिव्याच्या बॅटरीतलं."

काका माझ्याकडे वळले. "तू तं म्हणे, हा दिवा उन्हावर चालते. मंग त्यात शिसं काऊन?"

"रात्री ऊन नसतं, काका. दिवसाची वीज साठवायला लागतं."

"अन बॅटरी मेली का ते शिसं ठेवाचं कुठं?"

डॉक्टर एक पट्टी उन्हात धरून पाहत होते. "आम्ल धुतलं होतं?"

"तीनदा."

"आंबट राह्यलं असतं तं तिनं तोंड नसतं लावलं, बाई."

त्यांनी जुलाबाचे मीठ पाण्यात कालवून नळीने पोटात सोडले. शिशाच्या विषावरचे इंजेक्शन त्यांच्यापाशी नव्हते. काका ते आणायला हिंगणघाटला धावले; संध्याकाळपासून ते रोज टोचले. पुढचे तीन दिवस मी गोठ्याबाहेर हलले नाही. चौथ्या दिवशी बादली वाजली तशी कालवडीने मान वळवली. ती ऐकते एवढेच त्यातून सिद्ध होत होते. पाचव्या दिवशी आईने बांगड्या मागे सारल्या आणि आवाज न करता कडब्याचे एक धाट पुढे धरले. कालवडीने ते नेमके ओढून घेतले.

"पाह्यलं वं तिनं," आई म्हणाली. माझ्याशी ती पाच दिवसांनी बोलत होती.

पट्ट्या मी पुन्हा तोलल्या. तिने चाटले त्याचा फरक दुकानाच्या काट्यावर दिसलाच नाही.

प्रबंधात मी दोन रकाने वाढवले: बॅटरी किती वेळा बदलावी लागते, आणि जुने शिसे कुठे जाते. दुसरा रकाना खालपर्यंत रिकामा राहिला. मार्गदर्शकांनी तो खोडायला सांगितले; मी खोडला नाही. पट्ट्या घट्ट झाकणाच्या डब्यात, उंच फळीवर आहेत. सुट्टीत घरी गेले की काका चहाआधी तेच विचारतात.

"नेतं का वं यंदा तुहं शिसं?"