दंडाच्या पैशातलं केंद्र

खामगावच्या जिनिंगमध्ये कापसाची गाठ ढकलताना सरवरीबींच्या मुलाची, मोईजची पाठ धरली आणि तो दुखण्याच्या गोळ्या घेऊ लागला. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. एका सकाळी तो उठलाच नाही.

पुढे गोळ्यांची सवय लागते हे लपवलं म्हणून त्या कंपनीला दंड झाला. त्या पैशातून सरकारनं गावात व्यसनमुक्ती केंद्र उघडलं. पोरांना घेऊन येणाऱ्या आयांशी बोलायला बाईमाणूस हवं होतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सरवरीबींना बोलावलं. त्या गेल्या. जावंसं वाटलं म्हणून नाही. नको म्हणावंसंही वाटलं नाही.

डोणगावची छाया आपल्या मुलाला, प्रेमला घेऊन आली. गोळी न मिळाल्यानं पोरगा घामानं निथळत होता.

"चाची, तुमचा पोरगा इथंच बरा झाला काय?" छायानं विचारलं.

"नाही बाई. तवा हे नव्हतं. माहा गेला."

छाया रडू लागली. आता आपल्यालाही रडू येईल, असं सरवरीबींना वाटलं. आलं नाही. त्यांनी प्रेमला आत नेऊन खाटेवर निजवलं.

काही आठवड्यांनी प्रेम आपल्या पायांनी घरी निघाला. फाटकाशी छायानं सरवरीबींचे पाय धरले.

"ऊठ, तुयी बस निघून जाईल," त्या म्हणाल्या आणि खाटेवरची चादर बदलायला आत गेल्या.