माझ्या मल्हारानं पडलेला पाऊस

काय सांगू मंडळी तुम्हाला! लोकांच्या हातून चुका होतात, माझ्या गळ्यातून झाली. अन् अशी झाली की माझ्या नोकरीच्या गावातली जुनी माणसं अजून मला नावानं ओळखत नाहीत, "पाऊसवाले मास्तर" म्हणतात. हसा, हसा. पण चहा निवू देऊ नका, सांगतो सगळं.

मी शाळेतला संगीताचा मास्तर. मूळ मुखेडकडचा. वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीच्या दिवसांत गावोगावची बोलावणी, बाकी वर्षभर रोजमजुरी. त्यांच्या मांडीवर बसून सूर शिकलो, नांदेडला राहून परीक्षा दिल्या अन् अहमदपूरच्या बाजूला एका गावच्या शाळेत लागलो. लागलो म्हणजे काय, अर्धाच लागलो! पद मंजूर नव्हतं. आज आहे, उद्या सांगता येत नाही.

संगीताच्या मास्तराचं जिणं तुम्हाला काय माहीत! परीक्षा जवळ आली की गणिताचे गुरुजी दारात उभे: "मास्तर, तुमचा तास द्या की, तुमचं काय अडून राहिलंय?" पाहुणा येणार असला की मात्र सगळ्यांना आमची आठवण. बाकी वेळी घंटा वाजवा, हजेरी मांडा, खडू मोजा. सा रे ग म राहिलं बाजूला!

पण एक सांगतो. दुपारच्या तासाला शाळेच्या ओसरीत बसून मी पेटीवर बोटं ठेवली अन् डोळे मिटले, की ती शाळाच नाहीशी व्हायची. पत्रे नाहीत, धूळ नाही. एकेक सूर असा लांबवर पसरत जायचा, जसा पहाटे ओढ्यावर धूर पसरतो. मी त्याच्या मागं मागं चालत जायचो. पोरं म्हणायची, "सर गेले!" जायचोच हो मी! कुठं जायचो ते मलाही सांगता येणार नाही.

तर ते दिवस दुष्काळाचे. ओढा आटलेला, शाळेची विहीर आटलेली. सकाळी निघालेलं माणूस संध्याकाळी परत यायचं, इतकं पाणी शोधत फिरायचं. टँकर यायचा तो शाळेच्या हौदात रिकामा व्हायचा, म्हणून पोरं पाटीदप्तरासोबत घागरी, कळश्या घेऊनच शाळेत यायची. भिंतीला ओळीनं भांडी अन् आत ओळीनं पोरं!

त्यातच लातूर नवंनवं जिल्हा झालेलं. शाळेच्या कागदांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खोडून आम्ही वर शाईनं "लातूर" लिहायचो. एक दिवस निरोप आला की नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार.

आमचे हेडमास्तर पठाण सर. मनानं लोणी, आवाजानं नगारा. मला खोलीत बोलावून म्हणाले, "मास्तर, साहेब तुमचा तास बघणार. आवडला तर पद पक्कं. नाही आवडला तर पेटी उचला अन् मुखेडची गाडी पकडा. समजे क्या?"

समजलो! घरी कमल, म्हणजे माझी बायको, अन् तान्ही पोरगी. झोप उडाली. पोरांना कोणतं गाणं बसवावं? सगळे स्वागतगीत गातात. मी ठरवलं, आपण गौड मल्हार गायचा. मातीला भेगा पडल्यात, अशात पावसाचा राग ऐकला तर साहेबाचं काळीज नाही का भिजणार?

तो दिवस आला. ओसरीच्या अगदी कडेला मी अन् पेटी. खाली अंगणात पोरांच्या रांगा. समोर खुर्चीत साहेब, गळ्यातला झेंडूचा हार काढून मांडीवर ठेवलेला. माणूस तरुण, कपाळाला आठी. म्हणाले, "करा सुरू."

केलं सुरू. पोरांनी पहिल्या चार ओळी बऱ्या म्हटल्या. मग माझ्या आलापाची जागा आली अन् मी डोळे मिटले.

गेलो!

काय तो दिवस होता म्हणून सांगू. असा सूर लागला, असा लागला की मला ढग दिसायला लागले. काळे नाहीत, जांभळ्या रंगाचे, सावकाश चालणारे. पोरांचा आवाज बंद झाला. मी मनात म्हटलं, बघा, रंगली पोरं! एवढी शांतता माझ्या तासाला आजवर कधी नव्हती.

थोडी खळबळ ऐकू आली. मग साहेबांचा आवाज, मोठ्यानं:

"व्हा! व्हा! व्हा!"

मी काय ऐकलं? "वा! वा! वा!"

आता सांगा, अशा वेळी कोण डोळे उघडेल? छाती दीड वीत फुगली. आलाप आणखी लांबवला.

"सावकाश! सावकाश!" साहेब ओरडले.

जाणकार दिसतो, मी म्हटलं. याला विलंबित आवडतं. लय निम्मी केली.

"वर घे! आणखी वर!"

वरचा षड्ज लावला, मंडळी. मानेच्या शिरा टरारल्या.

"आता सोड! सोड!"

तान सोडली! "सोड" म्हणाले, "सोडा" नाही म्हणाले, पण मला राग आला नाही. रंगात आलेला माणूस अहोजाहो विसरतो.

अन् मग टाळ्या पडल्या. धो धो, एकसारख्या, खंड नाही. त्या टाळ्यांतून पोरांची आरोळी उठली, "पाणी आलं! पाणी आलं!"

माझ्या अंगावर काटा आला. पाणी? जुन्या गवयांच्या गोष्टी ऐकल्या होत्या, गाण्यानं दिवे लागायचे म्हणे, पाऊस पडायचा म्हणे. पण मुखेडकडच्या मजुराच्या पोराच्या गाण्यानं?

तेवढ्यात कपाळावर एक थेंब पडला. गार. दुसरा गालावर. मग तोंडभर शिंतोडे. मातीचा वास आला हो! डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं माझ्या. पेटी सोडून उठलो, दोन्ही हात आभाळाकडं केले अन् मिटल्या डोळ्यांनीच ओरडलो:

"साहेब! पडला! माझ्या मल्हारानं पाऊस पडला!"

धो धो आवाज तेवढा राहिला. बाकी सगळं चिडीचूप.

डोळे उघडले.

अंगण रिकामं. एक पोरगं नाही. साहेबांची खुर्ची रिकामी, अन् खुर्चीवरच्या हारातला झेंडू एक शेळी निवांत खात उभी. वर आभाळ? ढगाचा तुकडा नाही, पांढरं फटक ऊन!

ओसरीच्या कडेला हौदापाशी टँकर उभा. सगळी शाळा तिथं. अर्धं गाव तिथं. घागरी हातात धरून सगळे माझ्याकडं बघून राहिलेले. मधोमध नव्या जिल्ह्याचे साहेब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, नखशिखांत भिजलेले. पोरांची ढकलाढकली बघून ते बिचारे रांग लावायला धावले होते. "मागं व्हा! व्हा!" ते पोरांना. "वर घे, सोड" ते पाइप धरणाऱ्या क्लीनरला!

कडेवर घागर घेतलेली एक म्हातारी हळूच म्हणाली, "मास्तर, पाऊस न्हाई वो. टँकर हाय."

पठाण सरांनी कपाळाला हात लावला. "मास्तर, पाइप फुटला है. उसके छींटे हैं!"

मग जे हसू फुटलं! पोरं हसली, बाया हसल्या, क्लीनर तर हौदाच्या काठावर बसून हसला. मी हात वर करून तसाच उभा. खाली घ्यायचे असतात हेही सुचेना.

साहेब तेवढे हसले नाहीत. रुमालानं तोंड पुसत ओसरीपाशी आले. "राग कोणता होता?"

"गौड मल्हार, साहेब."

"हं. तिकडं हौदापर्यंत ऐकू येत होता." एवढंच म्हणाले अन् ओल्या कपड्यांनिशी जीपमध्ये बसून गेले.

गेली नोकरी, मी म्हटलं. दोन महिने मी डोळे मिटून गायलो नाही. कमलनं पोरीचे कपडे ट्रंकेत भरायला घेतले होते. कुणी पोरगं रस्त्यात "सर, आज ढग हायत का?" म्हणालं की मान खाली घालायचो.

अन् एक दिवस लातूरहून कागद आला. पद मंजूर! पठाण सरांनी मला अशी मिठी मारली की बरगड्या वाजल्या. कागदासोबत तपासणीचा शेरा होता. मी पळत घरी गेलो अन् कमलला मोठ्यानं वाचून दाखवला: "संगीत शिक्षक अत्यंत तल्लीनतेने शिकवतात."

"फुडं?" ती म्हणाली.

"एवढंच."

तिनं कागद माझ्या हातातून घेतला. सावकाश, बोट ठेवून वाचलं: "विद्यार्थी उठून गेले तरी त्यांच्या अध्यापनात खंड पडत नाही."

मी खाली बघितलं. तिनं कागद नीट घडी करून माझ्या खिशात घातला अन् म्हणाली, "हुशार हाय तुमचा साहेब. एका तासात वळखलं त्यानं. मी तर रोज तुमचं बोलणं चालू असताना उठून सैपाकाला जाते, तुम्हाला अजून पत्ता न्हाई."