वेणीपुरता आखडलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बहिणीलाही नाही, आणि तिच्यापुढं माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्ही हसाल. हसा, पण पुरतं ऐकून घ्या.

आम्ही वसमतचे. हे एसटीत ड्रायव्हर. त्र्याण्णव साली अंगणात वाळत घातलेल्या हळदीवरून माझा पाय घसरला आणि उजवं कोपर निखळलं. मग मी शहाणपणा केला — दवाखाना सोडून रोज तेल लावून चोळून घेतलं. त्या चोळण्यानं मांसात नवंच हाड वाढलं, असं नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं. हात सरळ तो सरळच. घास तोंडाशी येईना, केसांचं तर नावच नको.

घरात दोन लहान पोरं, दुसरी बाई नाही. वेणी घालणार कोण? यांनीच घातली. रस्त्यानं माझ्याबरोबर चालायला लाजणारा हा माणूस! पहिली वेणी अशी आवळली, जसं टपावरचं सामान बांधलंय. पण वेणी घालताना हे बोलायचे — कुठल्या थांब्यावर कोण भांडलं, कोणाची कोंबडी गाडीत सुटली. लग्नापासून ‘जेवण झालं का’च्या पुढं न गेलेले हे! मला सकाळ कधी होते असं व्हायचं.

पुढं ऑपरेशन झालं, वाढलेलं हाड काढलं. व्यायाम केले. हात तोंडाशी आला तेव्हा यांनी गल्लीत पेढे वाटले. आणि एका दुपारी, घरात कुणी नसताना, हात मानेमागं गेला. बोटं वेणीला लागली. केवढा आनंद झाला — आणि मग उद्याची सकाळ आठवली.

संध्याकाळी यांनी विचारलं, कुठवर येतो हात?

“तोंडापर्यंत,” मी म्हणाले. “मागं न्हाई जात.”

एवढंच खोटं. एवढंच का? नाही हो. यांना पुण्याच्या गाडीची फार हौस. ती ड्यूटी चालून आली, तर हे नको म्हणाले — सकाळी घरी असायला हवं म्हणून. मग निवृत्तीपर्यंत जवळच्याच फेऱ्या — औंढा, शिरड शहापूर अन् परत वसमत. मला कळलं तेव्हा बोलता आलं असतं ना? मी काय केलं? फणी पुढं केली. दुपारी मात्र दार लावून स्वतःची वेणी घालून बघायचे. झकास यायची.

आता हे घरीच असतात. हात थरथरतात, पेड सुटतात. काल तिसऱ्यांदा वेणी सोडून पुन्हा घातली आणि माझ्या पाठीमागून हळूच म्हणाले, “ढिली होऊन राहिली बघ. तुझा हात चालत न्हाई, अन् आता माझा बी. तुझी तकलीफ काही दूर करता आली न्हाई मला.”

माझा बरा झालेला उजवा हात मांडीवरच होता.

“बराबर झाली की,” मी म्हणाले.